औट

विड्नेसला जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
प्रयोगशाळेतली एक ट्यूबलाइट फडफडतेय,
केअरटेकरला तीनदा सांगून झालं.
पहिल्या बाकावर लूइस हॅल्सॉल एकटा,
गृहपाठ दुसऱ्या घरी राहिला म्हणून थांबवलेला.
दुसऱ्या म्हणजे कुठल्या, हे मी विचारत नाही.
वीस वर्षं शिकवल्यावर एवढं तरी कळतं.

लायटर पेटतो तेव्हा काय होतं ते लिही, म्हणते.
ब्यूटेन आणि ऑक्सिजन बाणाच्या अलीकडे,
कार्बन डायऑक्साइड, पाणी पलीकडे.
कार्बन तो बोटांवर मोजतो, हायड्रोजन ओठांत पुटपुटत,
आणि ऑक्सिजनपाशी अडतो:
इकडे सगळ्या जोड्याच, तिकडे तेरा.
मग माझी पाठ वळलेली बघून
पाण्यातल्या ओच्या पायाशी एक दोन चिकटवतो.

"हे पाणी नाही राहिलं," मी फळ्याकडूनच म्हणते,
"केस सोनेरी करायचं औषध झालं.
पायाशी असलेला आकडा म्हणजे ज्याचा त्याचा पिंड,
त्याला हात लावायचा नाही.
आपल्या हातात फक्त पुढचा. किती जण, एवढंच."

तो खोडतो. कागद थोडा फाटतो.
खूप वेळानं, "मिस, साडेसहा येतंय.
अर्धा रेणू असतो का?"
"नसतो," मी सवयीनं. "सगळ्याची दुप्पट कर."
दोन, तेरा, आठ, दहा.
जुळतं.
पण त्याचा हात कागदावरून उठत नाही.

"आमच्यातही तेच केलंय," तो कागदालाच सांगतो.
"अर्धा आठवडा आईकडे,
अर्धा बाबाकडे, रंकॉर्नला, पुलापलीकडे.
म्हणून सगळं डबल. टूथब्रश, चार्जर, उशी.
ब्लेझर एकच, तो महाग पडतो.
आणि मांजर.
मांजराची दुप्पट कशी करणार?"

मी मार्करचं टोपण लावते. काढते. परत लावते.

इस्लामपूरच्या दुकानात, गल्ल्यामागे,
अण्णा साखर तोलता तोलता घोकायचे,
दोन औटे सात, तीन औटे साडेदहा.
आम्ही हसायचो, कॅल्क्युलेटर आले होते तेव्हा.
आणि आज मर्सीच्या काठावर
एका पंधरा वर्षांच्या पोराला मी सांगत बसते
की आमच्याकडे अर्ध्यांना स्वतःची नावं असतात.
दीड. अडीच.
मध्ये 'आणि' नाही, जोड दिसत नाही.
"आणि साडेतीन दिवसांना?"
"औट."
"आउट?" त्याचा चेहरा जरा उतरतो.
"आउट नव्हे. औट. जीभ वळव ट ला.
दोन औटे सात. आठवडा पुरा."
तो दोनदा म्हणून बघतो,
गरम बटाटा तोंडात फिरवावा तसा,
आणि बस चुकेल म्हणून पळतो.
आज कुठली बस, तेही मी विचारत नाही.

तपासायला बसले तर गुणदानाच्या तक्त्यात
तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं:
अपूर्णांकही ग्राह्य.
म्हणजे साडेसहा चाललं असतं.
वर्षानुवर्षं मी पोरांकडून ते खोडून घेतलंय.
गुरुवारी सांगायला हवं त्याला.

त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात
फाटलेल्या जागेच्या जरा खाली
एक समीकरण आहे, मी न दिलेलं.
साडेतीन अधिक साडेतीन, मग लांबलचक बाण, मग सात.
आणि बाणाच्या डोक्यावर,
जिथे आपण उत्प्रेरक लिहितो,
जो लागतो, पण खर्ची पडत नाही,
तिथे पेन्सिलीनं काढलेलं
एक मांजर, शेपटी पुलासारखी वाकवून.